पारसिकच्या पायथ्याशी गुंठाभर शेती

नवी मुंबईत राहून ज्याला गॅलरीत मिरची लावायची आहे, किंवा पनवेलच्या पुढे दहा गुंठे घेऊन शनिवार-रविवार मातीत घालवायचा आहे, त्यानं आधी आपण कुठे राहतो ते नीट समजून घ्यावं. हे शहर भातखाचरांवर उभं आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहराच्या आराखड्यात आल्या. नेरूळ, सानपाडा, घणसोली ही आज रेल्वे स्थानकांची नावं आहेत. त्याआधी ही आगरी आणि कोळी समाजाची गावं होती. खाडीची भरती बांध घालून बाहेर अडवायची, आत साठणाऱ्या पावसाच्या पाण्यावर भात घ्यायचा, कुठे मीठ पिकवायचं, कुठे मासळी धरायची, असा तो संसार. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान फाट्याचं आंदोलन झालं, गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. जमीन गेली, पण ती कसायची समज अजून गावठाणांत शिल्लक आहे. दाराशी अळूचा वाफा, मागे केळ, कौलांवर चढवलेला दुध्याचा वेल आजही दिसतो. हौशी शेती शिकायला पुस्तकांच्या आधी तिथं जावं, असं माझं ठाम मत आहे.

याचं कारण असं, की शेतीचे बहुतेक सल्ले आपल्याकडे घाटावरून येतात. तिथं पाऊस बेतानं पडतो, जमीन काळी आणि खोल असते. इथं जूनपासून सप्टेंबरपर्यंत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी कोसळतं आणि पुढचे आठ महिने जवळपास कोरडे जातात. त्यात खाडीचा खारा वारा. घाटावरचं वेळापत्रक इथं लावलं, की जुलैत टोमॅटोची रोपं सडतात, एप्रिलमध्ये पालक जळतो आणि माणूस म्हणतो, आपल्या हाताला यश नाही. हाताचा त्यात दोष नसतो.

नवी मुंबईच्या परिसरात मातीचे ढोबळ तीन प्रकार भेटतात. पारसिकच्या किंवा खारघरच्या डोंगरउतारावर मुरूम असतो. तो पाणी धरत नाही, पण झाडांच्या मुळांना हवा भरपूर देतो. तिथं आंबा, काजू, करवंद, जांभूळ आनंदात राहतात. खाली खलाटीत जुन्या भाताची चिकण माती असते. ती पावसात चिखल होते आणि मार्चमध्ये भेगाळते, तरी तिच्या पोटात ओल टिकते. तिसरी खाडीकाठची खारवट जमीन, आणि शहरी सोसायट्यांच्या आवारात तर नुसता भराव, ज्यात विटांचे तुकडे आणि सिमेंटचा चुरा अर्ध्याला अर्धा निघतो. आपली माती कुठली हे ठरवायला जीभ लावून बघण्यापेक्षा माती परीक्षण करून घ्यावं. रायगड जिल्ह्यासाठी रोह्याला कृषी विज्ञान केंद्र आहे. पनवेलला तर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्रच आहे. खारट जमिनीत तग धरणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या भाताच्या जाती तिथल्याच. शहराच्या इतक्या जवळ एवढं नेमकं काम करणारी संस्था असताना आपण रोपवाटिकेतल्या विक्रेत्याच्या शब्दावर हजारो रुपये घालवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

खारेपणाचं गणित सोपं आहे. पावसाचं गोडं पाणी मीठ विरघळवून खाली ढकलतं. उन्हाळ्यात वरची माती तापली, की खालचं पाणी वर ओढलं जातं, वाफ होऊन उडून जातं आणि मीठ पृष्ठभागावर राहतं. म्हणून खारभूमीचा शेतकरी पहिल्या पावसाचं पाणी खाचरात साठवून, जमीन धुऊन, मग ते बाहेर सोडतो. आपण वाफ्याच्या आकारात हेच करायचं: पावसाळ्यात निचरा मोकळा ठेवायचा आणि पाऊस थांबला की जमीन एक दिवसही उघडी ठेवायची नाही. पेंढा, सुकी पानं, नारळाच्या झावळ्या, मिळेल ते पसरायचं. चार बोटं जाड आच्छादन असेल तर पाणी कमी लागतं, मीठ वर येत नाही आणि तणही दबतं. उन्हाळ्यात बोअरच्या पाण्यानं पानांच्या कडा करपायला लागल्या, तर खताची मात्रा वाढवण्याआधी पाणी तपासून घ्यावं. खाडीलगतच्या विंधन विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं.

ज्यांच्याकडे जमीन नाही, फक्त गॅलरी किंवा गच्ची आहे, त्यांच्यासाठी मुंबईत मोठं काम होऊन गेलं आहे. डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडावर, अगदी थोडी माती वापरून, मुंबईत गच्चीवर भाज्या आणि फळं पिकवून दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर, खानपान विभागाच्या अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. या सगळ्यामागे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराची प्रेरणा होती. दाभोलकर गणिताचे प्राध्यापक. शेतकऱ्याला त्यांनी पानं मोजायला, ऊन मोजायला शिकवलं आणि दहा गुंठ्यांत एक कुटुंब चांगलं जगू शकतं हे हिशेबानं मांडलं. हौशी माणसानं त्यांच्याकडून घ्यावी ती ही मोजण्याची सवय.

गच्चीवर मोजायची पहिली गोष्ट म्हणजे वजन. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल वाफा निव्वळ मातीनं भरला आणि पावसात भिजला, की तो अर्ध्या टनाच्या घरात जातो. असे दहा वाफे म्हणजे पाच टन. इमारत जुनी असेल तर अभियंत्याला विचारल्याशिवाय आणि सोसायटीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय हे करू नये. माती एक भाग, बाकी चिपाड, पालापाचोळा आणि कंपोस्ट असं मिश्रण केलं तर वजन खूपच उतरतं. चिपाड रसवंतीवाल्याकडे मागितलं तर मिळतं. ते महिनाभर ओलं ठेवून कुजवून वापरावं, नाहीतर मुंग्या लागतात. चिपाड भराभर बसतं, दर पावसाळ्यानंतर वरून भर घालावी लागते. पिंप किंवा ड्रममध्ये पाणी साठवत असाल तर झाकण किंवा गप्पी मासे, दोन्हीपैकी एक हवंच. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.

गॅलरीत ऊन किती तास येतं हे ऑक्टोबरात आणि मेमध्ये वेगवेगळं असतं. समोर नवा टॉवर झाला की तेही बदलतं. चार तासांपेक्षा कमी ऊन असेल तर फळभाज्यांचा नाद सोडून अळू, पुदिना, ओवा, गवती चहा, मायाळू लावावी. त्यात कमीपणा काही नाही. आठवड्याला एक फतफतं घरच्या अळूचं झालं तरी बाग सार्थकी लागली.

बेलापूरला पारसिकच्या कुशीत चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आर्टिस्ट्स व्हिलेजची वसाहत रचली. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, पण प्रत्येक घराला स्वतःचं उघडं अंगण आणि सात-सात घरांमध्ये सामाईक चौक. माणूस घर हळूहळू वाढवेल, झाड लावेल, हे त्या नकाशात गृहीत होतं. आज त्यातली बरीच घरं पाडून मोठी झाली आहेत. अंगणं गेली. ज्यांनी ती राखली आहेत त्यांच्याकडे पाहिलं, की दोन-तीन मीटरच्या जागेत काय मावतं ते कळतं: कोपऱ्यात कढीपत्ता, भिंतीला टेकून पपई, न्हाणीच्या पाण्यावर केळ आणि अळू. एवढ्यात घरचं सांडपाणीही कामाला येतं.

आता मोठ्या हौसेकडे वळू. पनवेल, कर्जत, खालापूर, पेण या पट्ट्यात ‘फार्महाऊस प्लॉट’च्या जाहिराती दर मैलाला दिसतात. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं, ही अट कुळकायद्यात आहे. आदिवासी खातेदाराची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला घेता येत नाही. असे व्यवहार पुढे रद्द होतात आणि मूळ मालकाचं नुकसान आधीच होऊन गेलेलं असतं. सातबारा, आठ-अ आणि मागचे सगळे फेरफार स्वतः वाचावेत, भोगवटादार वर्ग एक की दोन ते बघावं. तुकडेबंदीच्या नियमांत अलीकडे बदल होत आहेत, तेव्हा दलालाचं ऐकण्याऐवजी त्या दिवशीचा नियम तहसील कार्यालयात विचारावा. पनवेल परिसरातली बरीच गावं २०१३ पासून ‘नैना’ या विमानतळ प्रभाव अधिसूचित क्षेत्रात आहेत, तिथं नियोजनाचा अधिकार सिडकोकडे आहे. आणि वाट. जमिनीपर्यंत जाणारा रस्ता कागदावर आहे का? दुसऱ्याच्या बांधावरून जायची तोंडी मुभा विकणाऱ्यासोबतच संपते.

यातलं काहीही करण्याआधी एक वर्ष एक गुंठा कसून बघावा. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ३३ फूट बाय ३३ फूट. मित्राच्या वाडीत, गावाकडे, कुणाकडून करारानं घेऊन, कसाही. एका गुंठ्यात माणसाला आपली हौस किती खोल आहे ते कळतं आणि पाण्याचा हिशेबही कळतो. उन्हाळ्यात भाजीपाल्याला दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी लागतं असं धरलं, तर एका गुंठ्याला ५०० लिटर. जानेवारीच्या मध्यापासून मृगापर्यंत सुमारे १४५ दिवस होतात, म्हणजे ७२ हजार लिटरच्या वर. एका गुंठ्याला! दहा हजार लिटरची टाकी वीस दिवसांत रिकामी होते. ठिबक आणि आच्छादन असेल तर हा आकडा बराच खाली येतो, तरी आठवड्यातून एकदा येणाऱ्या माणसानं दहा गुंठे उन्हाळी भाजी करण्याचं स्वप्न या हिशेबासमोर ठेवून बघावं. दुसऱ्या बाजूला, हजार चौरस फुटांच्या छपरावर पावसाळ्यात सव्वादोन लाख लिटर पाणी पडतं. घर बांधण्याआधी पाण्याची साठवण बांधावी, हा क्रम चुकवू नये. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं केलं तर त्याला कुंपण आणि आतल्या बाजूला दोर सोडलेले हवेतच. ओलं प्लास्टिक इतकं निसरडं असतं, की पोहणारा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही.

आठवड्यात पाच दिवस मालक नसेल तर पिकंही तशीच निवडावीत. मेअखेरीस लावलेलं सुरण, हळद, आलं, कोनफळ ही मंडळी पावसावर वाढतात आणि थंडीत एका सुट्टीत काढता येतात. शेवगा, कोकम, काजू दुर्लक्ष सोसतात. टोमॅटो आणि फुलकोबी सोसत नाहीत, त्यांना रोज बघणारा माणूस लागतो. पावसाळ्यात मांडवावर शिराळी, पडवळ, कारली, काकडी घ्यावी. वेल उंचावर राहिला की कुजत नाही. फळमाशीसाठी वेलभाज्यांत क्यू ल्यूरचा गंधसापळा आणि आंब्यासाठी कोकण विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा लावला तर फवारणीची गरज खूप कमी होते. किडकं फळ मात्र बांधावर टाकू नये, खोल पुरावं. नाहीतर माशीची पुढची पिढी आपणच पाळतो.

आंब्याची कलमं लावताना लोक दाटी करतात. दहा मीटर अंतरावर लावायची झाली तर दहा गुंठ्यांत दहाच झाडं बसतात. हापूस सगळ्यांना हवा असतो, पण तो एका वर्षाआड फळतो आणि त्यात साका (गरातला खराब, स्पंजासारखा भाग) होतो. दापोलीच्या विद्यापीठानं नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ ही जात दिली. तिच्यात साका नाही आणि ती दरवर्षी फळते. घरच्या वाडीसाठी मी रत्नाकडे झुकेन. कलमाच्या जोडाखालून फुटणारे कोंब सतत काढावेत, पहिली तीन-चार वर्षं आलेला मोहोर मन घट्ट करून खुडावा आणि पहिले तीन उन्हाळे बुंध्याशी मडकं पुरून पाणी द्यावं.

कुंपण हा मोठा खर्च. पावसाच्या तोंडावर गिरिपुष्पाचे खुंट दोन-दोन फुटांवर ठोकले तर दोन वर्षांत जिवंत कुंपण उभं राहतं. त्याचा पाला वर्षातून दोन-तीनदा छाटून वाफ्यात टाकला की नत्र मिळतं. डोंगरउतारावर वाडी असेल तर फेब्रुवारीच्या आत चारही बाजूंनी गवत काढून जाळपट्टी करावी. वणवा एका दुपारी दहा वर्षांची झाडं नेतो.

शेणखताच्या ढिगाविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नारळाचं नुकसान बरेचदा त्याच्यामुळे होतं. ढीग पावडीनं उपसला, की आत बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या, इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या, तांबूस डोक्याच्या अळ्या निघतात. हा गेंड्या भुंगा. अळी शेणात वाढते, भुंगा होऊन उडतो आणि नारळाचा न उमललेला कोंब पोखरतो. पुढे झावळी उलगडते तेव्हा ती कात्रीनं पंख्यासारखी कापलेली दिसते. झाडावर औषध मारत बसण्यापेक्षा ढीग दर दोन महिन्यांनी उलथावा. कोंबड्या असतील तर त्या पाचच मिनिटांत सगळ्या अळ्या टिपतात. कोंबड्या पाळायच्या तर पिल्लांना पहिल्याच आठवड्यात लासोटा लस द्यावी, मानमोडी आली की आख्खं खुराडं जातं, आणि संध्याकाळी मुंगसापासून बंदोबस्त हवा. गवतात पाय घालताना गमबूट आणि रात्री हातात बॅटरी असावी. फुरसं आणि घोणस या पट्ट्यातले जुने रहिवासी आहेत. सर्पदंशाची लस जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात असते ते आधीच विचारून ठेवावं.

जीवामृत आता सर्वांना ठाऊक आहे. सुभाष पाळेकरांच्या कृतीत एकरासाठी २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती असते. गुंठ्याला याचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे पाच लिटर पुरतं. सावलीत दोन दिवस ठेवून, रोज ढवळून, ओल्या जमिनीवर द्यावं. कोरड्या, उघड्या मातीवर ओतलं तर उपयोग होत नाही. मुळात आच्छादनाखाली जगणाऱ्या जीवांसाठीच ते आहे.

भात लावायची इच्छा असेल तर नेरळजवळच्या सगुणा बागेत जाऊन यावं. चंद्रशेखर भडसावळे यांनी तिथं विकसित केलेल्या सगुणा राइस तंत्रात चिखलणी नाही, लावणी नाही. गादीवाफे एकदाच करायचे, लोखंडी साच्यानं २५ सेंटिमीटरवर भोकं पाडून बी टोकायचं, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची आणि त्याच वाफ्यावर दुसरं पीक घ्यायचं. कुजणाऱ्या मुळांच्या जागी हवा-पाण्याच्या वाटा राहतात, गांडुळं येतात. या पद्धतीत तणनाशकाचा वापर आहे, तो मला पटत नाही. पण चार-पाच गुंठ्यांचा मालक हातानं तण काढू शकतो आणि बाकीचा सगळा फायदा घेऊ शकतो.

मनुष्यबळाबद्दल कुणी मोकळेपणानं बोलत नाही. पनवेल-कर्जतच्या कातकरी वाड्यांतली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे आपल्या वाडीला पाणी देण्याचे महिने तेच, जेव्हा गावात माणूस नसतो. वर्षभर रास्त मजुरी देऊन एखाद्या कुटुंबाला गावातच काम मिळालं, तर त्यांच्या मुलांची शाळा सुटत नाही. अशा कुटुंबाला पक्कं छप्पर, संडास, पिण्याचं पाणी आणि वेळेवर पैसे द्यायची तयारी नसेल तर वाडी घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन. रानाची ओळख त्यांना असते. शेवळं कधी उगवतात, त्यांची खाज मारायला काकड का घालायचं, कंटोलीचा नर वेल कुठला आणि मादी कुठली, हे त्यांच्याकडून शिकावं. कंटोलीचे नर-मादी वेल वेगळे असतात. सगळेच नर निघाले तर फळ धरत नाही आणि सगळ्याच माद्या निघाल्या तरी नाही. मादी फुलाच्या तळाशी इवलंसं काटेरी कंटोलं आधीच दिसतं. दहा माद्यांना एक नर पुरतो. पावसाळ्यात पनवेलच्या बाजारात कातकरी बायका टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी घेऊन बसतात. त्यांच्याशी भावासाठी घासाघीस करू नये. जुडी घ्यावी आणि ती कुठे उगवते ते विचारावं.

पावसाळ्यानंतर रायगडात भातकापणी उरकत येते. खाचरात तेव्हा अजून ओल असते. याच ओलीवर, एक थेंब पाणी न देता, इथला शेतकरी वाल पेरतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत शेंगा काढतो. या शेंगांची पोपटी करतात ती अशी: मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा आणि जाडं मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये बटाटे आणि अंडी, वर पुन्हा पाला दाबून बसवायचा, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. तेल नाही, पाणी नाही. तापल्या मडक्यावर पाण्याचे थेंब टाकले की चर्र वाजतात, मग पोपटी झाली. वाल नत्र धरून ठेवतो, तेव्हा त्यानंतर ती जमीन पुढच्या पिकालाही बरी होते. ज्यांना शेती सुरू करायची आहे त्यांनी वालापासून करावी. बी पनवेल, पेण, अलिबागच्या बाजारांत मिळतं. कडवे वाल मागावेत. गुंठा नसेल तर एका मोठ्या कुंडीत चार दाणे टोकावेत. पेरणी नोव्हेंबर अखेरपर्यंत करता येते.